आधी सलाइनमध्ये बुडवून दाखवा

2022 च्या मार्च-एप्रिलमध्ये एक व्हिडिओ फोनाफोनांतून फिरला. काळपट, लिबलिबीत गोळा काचेवर सरपटत जातो, अरुंद फटीतून अंग चोरून बाहेर पडतो, तारेच्या तुकड्याला वेटोळं घालतो, कापला तरी पुन्हा जुळतो. हाँगकाँगच्या चायनीज युनिव्हर्सिटीतल्या संशोधकांचं ते काम होतं. तारीख एक एप्रिलच्या आसपासची असल्यामुळे अनेकांना ती थट्टाच वाटली. बातम्यांनी त्याला ‘रोबो’ म्हटलं आणि गिळलेली वस्तू पोटातून बाहेर काढण्यापर्यंत त्याला पोचवलं. प्रत्यक्षात गोळ्यात होतं पॉलिव्हिनाइल अल्कोहोल, बोरॅक्स आणि निओडिमियम चुंबकाची भुकटी. मुलं घरी ‘स्लाइम’ करतात त्याचाच चुंबकीय भाऊ. मेंदू नाही, मोटर नाही. चुंबक बाहेरून कुणीतरी फिरवत होतं. भुकटी विषारी असल्यामुळे संशोधकांनी तिला सिलिकाचा लेपही दिला होता. तो लेप बातम्यांत फारसा दिसला नाही.

प्रकाशाला आणि चुंबकाला प्रतिसाद देणाऱ्या ‘स्मार्ट’ हायड्रोजेलांबद्दल आपल्याकडेही आता उत्साह आहे. विद्यापीठांतून प्रबंध होतात, प्रकल्पांना सरकारी अनुदान मिळतं, आणि जवळजवळ प्रत्येक प्रस्तावाच्या पहिल्या परिच्छेदात ‘कर्करोगाच्या गाठीपर्यंत नेमकं औषध’ हे शब्द येतात. हे विज्ञान खोटं नाही. पण जे जेल शरीरात जाणार असं सांगून सार्वजनिक पैसा मागितला जातो, ते शरीराच्या अटींवर तपासल्याशिवाय पुढचा हप्ता मिळू नये, असं माझं म्हणणं आहे. शरीराच्या अटी म्हणजे फार मोठं काही नाही. 37 अंश तापमान, 0.9 टक्के मिठाचं पाणी, त्वचेला सोसेल इतकाच प्रकाश, माणसाला सोसेल इतकंच चुंबकीय क्षेत्र, आणि शेवटी निर्जंतुकीकरण.

हायड्रोजेल म्हणजे पाणी धरून ठेवणारं पॉलिमरचं, म्हणजे लांब साखळीसारख्या रेणूंचं, जाळं. भिजलेल्या सब्जाभोवती जो बुळबुळीत पडदा येतो तो हायड्रोजेलच. बाळाच्या डायपरमध्ये असतात तेही हायड्रोजेलचेच दाणे. चेकोस्लोव्हाकियातल्या ओटो विक्टर्ले आणि द्राहोस्लाव लिम यांनी 1960 मध्ये शरीराला चालेल अशा जेलबद्दल लिहिलं आणि त्यातून मऊ कॉन्टॅक्ट लेन्स आली. 1978 मध्ये एमआयटीच्या तोयोइची तानाकांनी दाखवलं, की परिस्थिती किंचित बदलली तरी जेलचं आकारमान एकदम, उडी मारल्यासारखं बदलू शकतं. ‘स्मार्ट’ हे विशेषण तिथून पुढे चिकटलं. 1990 मध्ये तानाका आणि अत्सुशी सुझुकी यांनी जेलच्या जाळ्यात हरितद्रव्यापासून केलेला तांब्याचा रंग गुंफून साध्या दृश्य प्रकाशाने ते आकसवून दाखवलं. नव्वदच्या दशकात बुडापेस्टमध्ये मिक्लोश झ्रिनी यांनी लोहकण भरलेली, चुंबकाजवळ वाकणारी-ताणली जाणारी जेलं केली. आज जे बहुतेक काम चालतं त्याची मुळं या दोन प्रयोगांत आहेत.

या क्षेत्राचा रोजचा घोडा म्हणजे पॉली-एन-आयसोप्रोपिलअॅक्रिलामाइड, प्रयोगशाळेच्या बोलीत ‘पीनायपॅम’. पाण्यात 32 अंशांच्या खाली ते फुगलेलं, पारदर्शक. वर गेलं की पाणी, आणि आत भरलेलं असेल तर औषधही, टाकून आकसतं आणि पांढरं पडतं. त्यात सोन्याच्या सूक्ष्म कांड्या घातल्या की निअर-इन्फ्रारेड लेसरने जेल गरम होतं. मॅग्नेटाइटचे (लोहाच्या चुंबकीय ऑक्साइडचे) कण घातले की झपाट्याने दिशा बदलणाऱ्या चुंबकीय क्षेत्राने. म्हणजे ‘प्रकाशाला प्रतिसाद’ आणि ‘चुंबकाला प्रतिसाद’ या दोन्ही पाट्यांखाली बहुतेक वेळा उष्णतेलाच प्रतिसाद चालू असतो. याला अपवाद आहेत. अॅझोबेन्झीनसारखे रेणू 365 नॅनोमीटरच्या अतिनील प्रकाशात खरोखर आकार बदलतात आणि निळ्या प्रकाशात परततात. पण अतिनील किरण त्वचेत एक मिलिमीटरही धड शिरत नाहीत, तेव्हा शरीराच्या आतल्या कामाला तो रस्ता बंद.

पहिली गफलत इथेच होते. पीनायपॅमचा उंबरठा 32 अंशांचा आणि शरीर 37 चं. शुद्ध पीनायपॅम शरीरात घालताक्षणी आकसून बसतं. लेसर लावायच्या आधीच ‘प्रतिसाद’ उरकलेला असतो. उंबरठा 40-42 पर्यंत चढवायचा तर जाळ्यात अॅक्रिलामाइडसारखा पाणीप्रिय जोडीदार गुंफावा लागतो. अॅक्रिलिक अॅसिड घातलं तर उंबरठा चढतो खरा, पण मग जेल आम्लता आणि क्षारांनाही प्रतिसाद देऊ लागतं. शुद्ध पाण्यात भरपूर फुगलेलं जेल सलाइनमध्ये निम्मंही फुगत नाही. शिवाय मिठामुळे उंबरठा एक-दोन अंश खाली घसरतो, तो वेगळाच. हे सगळं विषयातल्या प्रत्येकाला ठाऊक असतं. तरीही कितीतरी शोधनिबंधांतला मुख्य आलेख डिस्टिल्ड वॉटरमधला आणि 25 अंशांपासून सुरू होणारा असतो, कारण त्यात उडी सुंदर दिसते.

दुसरी गोष्ट वेळेची. ही कागदावर आकडेमोड करून दोन मिनिटांत कळते, म्हणून ती प्रस्तावात नसणं अक्षम्य वाटतं. जेलला आकसायचं तर पाणी जाळ्यातून बाहेर यावं लागतं, आणि त्याला लागणारा वेळ त्रिज्येच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. तानाका आणि फिल्मोर यांनी 1979 मध्ये हे मांडलं. जाळ्याचा विसरण गुणांक (पाणी जाळ्यातून किती झपाट्याने सरकतं त्याचं माप) साधारण 3 गुणिले 10 चा उणे 11 वा घात चौरस मीटर प्रतिसेकंद धरला, तर 0.1 मिलिमीटर त्रिज्येच्या मण्याला अर्धं मिनिट लागतं. 1 मिलिमीटरच्या मण्याला जवळपास तास. 1 सेंटिमीटरच्या गोळ्याला चार दिवस. व्हिडिओ आठपट वेगाने चालवून हा तास लपवता येतो. रुग्णाचा तास लपवता येत नाही. त्यात आणखी एक मेख आहे. झटकन तापवलं की बाहेरचा थर आधी आकसतो, त्याची घट्ट साल तयार होते आणि आतलं पाणी कोंडतं. म्हणजे लेसरची ताकद वाढवून घाई केली तर काम उलट मंदावतं.

याच हिशेबातून यशही कळतं. तेरुओ ओकानो यांच्या तोक्योतल्या गटाने 1990 च्या सुमारास पेशी वाढवायच्या ताटलीच्या तळावर पीनायपॅमचा थर जोडला. जाडी जेमतेम 15-20 नॅनोमीटर. 37 अंशांवर पेशी चिकटून वाढतात. ताटली 20 अंशांपर्यंत थंड केली की थर पाणी पितो आणि पेशींची अखंड चादर, एंझाइमने न कुरतडता, सुटून येते. थर इतका पातळ की त्रिज्येच्या वर्गाची कटकटच नाही. आणि पॉलिमर ताटलीतच राहतं, शरीरात फक्त पेशी जातात. 2000 मध्ये डेव्हिड बीब आणि सहकाऱ्यांनी सूक्ष्म नळ्यांच्या चिपमध्ये जेलचे इवलेसे व्हॉल्व्ह बसवले, तिथेही आकार लहान ठेवूनच वेळ सेकंदांवर आणला. पातळ थर, लहान आकार, शरीराबाहेरची जागा किंवा प्रकाश सहज पोचेल असा डोळा, त्वचा, जखम: इथे ही जेलं शोभतात. खोलवरच्या गाठीचा नाद सोडून आपल्या प्रयोगशाळांनी निदान निम्मी ताकद इकडे वळवावी.

प्रकाशाचा हिशेब तर कायद्यासारखा आहे. 808 नॅनोमीटरच्या सलग लेसरसाठी त्वचेची सुरक्षित मर्यादा चौरस सेंटिमीटरला सुमारे 0.33 वॅट. निबंधांत सर्रास 1 ते 2 वॅट वापरलेले दिसतात. त्या तीव्रतेला जेल सोडा, त्वचाच तापते. वर ऊतक ठेवलं की प्रकाश काही मिलिमीटरांतच विखरून क्षीण होतो; चिकनचा सेंटिमीटरभर जाड तुकडा मध्ये धरून प्रयोग केला की उत्साह कसा ओसरतो ते कळतं. आपल्यासाठी यात एक खास मुद्दा आहे. त्वचेतलं मेलॅनिन या तरंगलांबीलाही शोषतं, थोडं कमी पण शोषतंच, म्हणून सावळ्या त्वचेचा वरचा थर जास्त तापतो आणि आत कमी पोचतं. पल्स ऑक्सिमीटर गडद त्वचेवर ऑक्सिजन जास्त दाखवतो हे कोविडच्या काळात जगासमोर आलंच. गोऱ्या उंदरांवर ठरवलेली लेसरची मात्रा विदर्भातल्या शेतमजुराच्या पाठीवर तशीच चालेल असं गृहीत धरणाऱ्या प्रस्तावाला तिथेच थांबवलं पाहिजे.

तापमान मोजण्यातही डोळ्यांदेखत चूक होते. जेलमध्ये थर्मोकपल खुपसून वर लेसर सोडला तर धातूची तार स्वतःच प्रकाश पिऊन तापते आणि आकडा फुगतो. इन्फ्रारेड कॅमेरा वरचा पृष्ठभाग तेवढा दाखवतो. तार किरणाच्या वाटेबाहेर ठेवायची, आणि कण नसलेल्या कोऱ्या जेलवर तोच लेसर टाकून वजाबाकी करायची, एवढं तरी हवं.

चुंबकाकडे वळू. काचेच्या ताटलीखाली पाच मिलिमीटरवर निओडिमियमची वडी धरली की गोळा आज्ञाधारक मुलासारखा मागे येतो. पण चुंबकापासून लांब गेल्यावर अंतर दुप्पट केलं की क्षेत्र आठव्या हिश्शावर येतं आणि कण संपृक्त (याहून जास्त चुंबकत्व घेऊ न शकणारे) असले तरी ओढ सोळाव्या हिश्शावर. पोटात दहा सेंटिमीटर आत असलेल्या मण्याला हातातल्या चुंबकाने नेऊ पाहणं म्हणजे पुण्यात बसून पंढरपूरच्या दिंडीला हात धरून चालवणं. मग कुणी एमआरआय यंत्राचं नाव काढतं. त्या 1.5 टेस्लाच्या नळीच्या मध्यभागी क्षेत्र एकसारखं असतं, आणि एकसारखं क्षेत्र कणाला वळवतं, ओढत नाही. शिवाय मॅग्नेटाइट असलेली जागा एमआरआयच्या चित्रात काळी पडते; जिथे पाहायचं तिथेच डाग.

क्षेत्राने तापवायचं असेल तर मर्यादा शरीराच्या बाजूने येते. बदलत्या क्षेत्रामुळे ऊतकातच भोवरी प्रवाह तयार होतात आणि निरोगी भागही तापतो. धडाएवढ्या भागासाठी ब्रेझोविच यांनी घालून दिलेली जुनी मर्यादा अशी: क्षेत्राची तीव्रता आणि वारंवारता यांचा गुणाकार 4.85 गुणिले 10 चा 8 वा घात अँपिअर प्रतिमीटर-सेकंद. वारंवारता 100 किलोहर्ट्झ असेल तर क्षेत्र 5 किलोअँपिअर प्रतिमीटरच्या आतच. प्रयोगशाळेतल्या इंडक्शन कॉइलवर 300 किलोहर्ट्झ आणि 20 किलोअँपिअर सहज घेतले जातात. तो गुणाकार या मर्यादेच्या बारापट होतो. लहान भागासाठी मर्यादा सैल धरता येते हे खरं, पण मग ‘लहान भाग’ कोणता ते लिहायला हवं. जर्मनीतल्या नॅनोथर्म उपचाराने मेंदूच्या गाठीत लोहकण टोचून 100 किलोहर्ट्झला तापवण्याची युरोपीय मान्यता मिळवली, तीही जेल वगैरे न वापरता आणि कण थेट गाठीत सुईने सोडून. ‘चुंबकाने शोधत शोधत नेलं’ असं तिथे काही नव्हतं.

बनवण्यातल्या खाचाखोचा सांगितल्याशिवाय हा विषय हवेत राहतो. पीनायपॅमचं जेल असं करतात: 10 मिलिलिटर पाण्यात 1 ग्रॅम मोनोमर (ज्यांची साखळी होते ते सुटे रेणू), 20 मिलिग्रॅम बिसअॅक्रिलामाइड (साखळ्या एकमेकींना जोडणारा क्रॉसलिंकर). पंधरा-वीस मिनिटं नायट्रोजनचे बुडबुडे, कारण विरघळलेला ऑक्सिजन साखळी तोडतो आणि जेल धरतच नाही. मग बर्फात ठेवून 10 मिलिग्रॅम अमोनियम परसल्फेट (अभिक्रिया सुरू करणारा आरंभक) आणि 20 ते 50 मायक्रोलिटर टेमेड (तिला वेग देणारं). बर्फ विसरलात तर अभिक्रियेच्या स्वतःच्या उष्णतेने द्रावण 32 अंश ओलांडतं आणि पारदर्शक जेलऐवजी उकडलेल्या अंड्याच्या पांढऱ्या बलकासारखा गोळा हाती येतो. तो आकसतो झपाट्याने, पण दुसऱ्यांदा तसाच करून दाखवता येत नाही. लोहकण घालताना चुंबकीय ढवळणी वापरणारा नवखा विद्यार्थी दर वर्षी सापडतो; सगळं मॅग्नेटाइट ढवळणीच्या कांडीला चिकटून बसतं आणि जेल फिकट निघतं. ढवळणी वरून, काचेच्या दांड्याने. तरीही जेल धरायला पंधरा मिनिटं लागली तर कण तळाशी बसतात, आणि मग एका बाजूला काळी, दुसऱ्या बाजूला राखाडी वडी चुंबकाजवळ वाकते. तिला ‘नियंत्रित वक्रता’ म्हणून छापलेलं पाहिलं की हसावं की रडावं कळत नाही. कणांतून सुटलेलं फेरस लोह परसल्फेटला आधीच पेटवतं, त्यामुळे तेच प्रमाण एका दिवशी दोन मिनिटांत धरतं आणि दुसऱ्या दिवशी अर्ध्या तासात. शेवटी धुणं: न जोडलेले अॅक्रिलामाइडजातीचे रेणू चेतासंस्थेला घातक, म्हणून पाणी रोज बदलत निदान चार-पाच दिवस. या पायरीला कात्री सर्वांत आधी लागते.

अॅल्जिनेटचा (समुद्री शेवाळातल्या पॉलिमरचा) सोपा मार्ग अनेक महाविद्यालयं घेतात: 2 टक्के सोडियम अॅल्जिनेटमध्ये लोहकण कालवून सिरिंजने थेंब थेंब 2 टक्के कॅल्शियम क्लोराइडमध्ये. मणी लगेच धरतात, चुंबकामागे पळतात, प्रदर्शनात टाळ्या मिळतात. तेच मणी शरीरातल्या द्रवाची जागा घेणाऱ्या फॉस्फेट बफरमध्ये टाका. फॉस्फेट कॅल्शियम पळवतं, मणी फुगतात, मऊ पडतात, आणि पाहता पाहता भांड्याच्या तळाशी फक्त काळा गाळ उरतो. लोह किती सुटलं ते पाहायला पोटॅशियम फेरोसायनाइड आणि आम्लाचे थेंब पुरतात. निळा रंग आला की उत्तर मिळालं. या चाचणीसाठी कुठल्या महागड्या यंत्राची वाट पाहायची?

आता आक्षेप. पहिला, आणि मला सर्वांत वजनदार वाटणारा: इतक्या लवकर इतकी कडक चाळणी लावली तर नवी कल्पना अंकुरण्याआधीच मरेल, तानाकांच्या जेललाही 1978 मध्ये कुणी उपयोग विचारला असता तर? बरोबर आहे. पण तानाकांनी गाठ बरी करायचं वचन दिलंच नव्हतं; त्यांनी मोजमाप दिलं होतं. आपल्याकडचा खरा दोष संशोधकाच्या अप्रामाणिकपणात कमी आणि अर्जाच्या रकान्यात जास्त आहे. ‘समाजाला उपयोग’ हा रकाना भरल्याशिवाय अर्ज पुढे सरकत नाही, म्हणून जाळ्याचं मूलभूत भौतिकशास्त्र करणाऱ्यालाही कर्करोगाचं नाव घ्यावं लागतं. 2023 च्या कायद्याने अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशन उभं राहिलं, पाच वर्षांसाठी 50,000 कोटींचा आराखडा मांडला गेला. याच वेळी दोन थैल्या वेगळ्या करता येतील. एक निव्वळ कुतूहलाची, जिथे उपयोगाचा रकानाच नसेल. दुसरी उपयोगाची, जिथे पहिल्या वर्षाचा पैसा थोडा आणि त्यात एकच काम: सलाइनमध्ये, 37 अंशांवर, मर्यादेतल्या लेसरने किंवा क्षेत्राने जेल किती वेळात, किती वेळा चालतं ते दाखवणं. फुगण्या-आकसण्याच्या पन्नास चक्रांनंतरचा आकडा पहिल्या चक्राशेजारी छापायचा.

दुसरा आक्षेप खर्चाचा, आणि तो टिकत नाही. सलाइनची बाटली, 37 अंशांचं पाण्याचं भांडं, चिकनचा तुकडा कोणत्याही जिल्ह्याच्या ठिकाणी मिळतो. लेसरची ताकद मोजणारा मीटर आणि क्षेत्र मोजणारी कॉइल महाग आहे, ती विद्यापीठागणिक एक ठेवून वाटून वापरता येते. परवडत नाही ती गोष्ट वेगळीच आहे: दुसऱ्या प्रयोगशाळेने तेच जेल त्याच कृतीने करून पाहणं. त्याला निबंध मिळत नाही, बढती मिळत नाही. पीएचडीआधी शोधनिबंध सक्तीचा असण्याचा नियम यूजीसीने 2022 मध्ये काढला, पण विभागांतली सवय गेलेली नाही. म्हणून पडताळणीलाच स्वतंत्र पैसा हवा, आणि ती करणाऱ्या विद्यार्थ्याला प्रबंधात मानाचं प्रकरण.

निर्जंतुकीकरणाकडे तर बहुतेक प्रस्ताव पाहतच नाहीत. ऑटोक्लेव्हमध्ये 121 अंशांवर पंधरा मिनिटं ठेवलं की औषध भरलेल्या पीनायपॅमने औषध तिथेच ओकून टाकलेलं असतं. 0.22 मायक्रॉनच्या गाळणीतून जेल जात नाही. इथिलीन ऑक्साइड (जंतू मारणारा वायू) पाण्याने भरलेल्या जाळ्यात मुरतं आणि बाहेर यायला दिवस घेतं. गॅमा किरणांची नेहमीची 25 किलोग्रेची मात्रा जाळं आणखी गुंफते किंवा तोडते. दोन्हीकडून उंबरठा आणि फुगणं बदलतं.

याच गॅमा किरणांचं दुसरं टोक आपल्याच दारात आहे. मुंबईत ट्रॉम्बेला भाभा अणुसंशोधन केंद्राच्या आवारात 1974 पासून वैद्यकीय वस्तू किरणांनी निर्जंतुक करणारा आयसोमेड प्रकल्प आहे. पोलंडमध्ये यानुश रोसियाक यांनी रूढ केलेल्या वाटेनेच केंद्राने पॉलिव्हिनाइल अल्कोहोलची, भाजलेल्या जखमांवर लावायची पट्टी विकसित केली: द्रावण पाकिटात भरायचं, पाकीट बंद करायचं, किरणांखाली धरायचं. त्या एकाच पायरीत जाळं बनतं आणि जंतूही मरतात. क्रॉसलिंकर नाही, उरलेला आरंभक धुण्याची भानगड नाही. ही पट्टी ‘स्मार्ट’ मुळीच नाही. पण ती रुग्णापर्यंत पोचली, कारण निर्जंतुकीकरण शेवटच्या पानावरची चिंता नव्हती, कृतीचाच भाग होतं. प्रकाशाला प्रतिसाद देणारी जखमेची पट्टी याच पायावर का उभी राहू नये? तिथे लेसरला मधल्या ऊतकाचा अडथळा नाही, जाडी मिलिमीटरच्या आत ठेवता येते, आणि बिनसलं तर पट्टी काढून टाकता येते. वैद्यकीय उपकरणांच्या 2017 च्या नियमांतही शरीरात राहणाऱ्या वस्तूपेक्षा अशा पट्टीची वाट बरीच सरळ आहे. औषध घातलं की मात्र औषधांचे नियम लागू होतात, हे आधीच धरून चालावं.

राहिली बाटली, म्हणजे जेल साठवण्याचा प्रश्न. मॅग्नेटाइट काळं असतं. हवा लागली की हळूहळू मॅगेमाइट होऊन तपकिरी पडतं आणि चुंबकाची ओढ थोडी कमी होते. पाण्यात ठेवलेल्या जेलवर बुरशी चढते, सुकवून ठेवलं तर पुन्हा भिजवताना तडे जातात. सहा महिन्यांनी ते तसंच चालतं का, हे सांगणारा आलेख मी फार थोड्या निबंधांत पाहिला आहे. तीन वर्षांच्या प्रकल्पात या चाचणीला वेगळा माणूस लागत नाही, वेगळं यंत्र लागत नाही. पहिल्याच महिन्यात दहा बाटल्या भरून, झाकणं घट्ट लावून, तारीख घालून निम्म्या फ्रिजमध्ये आणि निम्म्या मे महिन्यातल्या नागपूरच्या खोलीत ठेवल्या, की झालं.